डब्यातली पेनी

नमस्कार, श्रोतेहो. अमेरिकेहून आलेल्या भाच्याने, पुतणीने जाताना खिशातली चिल्लर काढून ठेवलेली असते. ती बिस्किटांच्या डब्यात पडून राहते. आज त्या चिल्लरीतल्या पेनीबद्दल, म्हणजे एक सेंटच्या नाण्याबद्दल बोलू. जुन्या पेनीला किती मोल येतं, ते कसं ओळखायचं?

पहिली गोष्ट, आणि ही मी परत सांगणार आहे: नाणं घासायचं नाही. देवाची भांडी आपण चिंच-मिठाने लख्ख करतो. नाण्याचं तसं करू नका. घासलेलं नाणं चमकतं खरं, पण भिंगाखाली त्यावरचे बारीक ओरखडे दिसतात आणि त्याचं मोल घसरतं.

दुसरं, नुसतं जुनं म्हणून नाणं महाग होत नाही. साल बघा आणि सालाखालचं अक्षर बघा. ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, ‘डी’ असेल तर डेन्व्हर. काहीच नसेल तर ते बहुधा फिलाडेल्फियाचं. लिंकनची पेनी १९०९ साली आली, तेव्हा पाठीमागे तळाशी व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकाराची तीन आद्याक्षरं होती. लोकांनी तक्रार केली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली. ती अक्षरं असलेली सॅन फ्रान्सिस्कोची नाणी निघाली फक्त ४,८४,०००. त्यामुळे त्यातलं झिजलेलं नाणंही शेकडो डॉलरना जातं. त्याच सालातली फिलाडेल्फियाची पेनी मात्र त्या मानाने स्वस्त.

आता मला फार आवडणारी हकिगत. १९४३ साल. महायुद्ध चालू, तांबं दारूगोळ्याला हवं, म्हणून त्या वर्षी पेनी पोलादाची पाडली, वर जस्ताचा मुलामा. करड्या रंगाची पेनी. पण आदल्या वर्षीच्या तांब्याच्या काही चकत्या टांकसाळीत चुकून राहून गेल्या आणि त्यांच्यावरही १९४३ चा छाप पडला. अशी मोजकीच नाणी बाहेर आली.

१९४७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुटे पैसे मिळाले. त्यात एक पेनी, तांब्याची, आणि साल १९४३! मुलगा नाणी जमवणारा, त्याच्या लगेच लक्षात आलं. (आता मुलांच्या हातात सुटे पैसे येतातच कुठे? माझं ठाम मत आहे, मुलाला दुकानात पाठवावं, नाणी देऊन, आणि उरलेले पैसे मोजून परत आणायला सांगावे. हिशोब हातानेच शिकला जातो.) तर, तेव्हा गावोगाव बोलवा होती की अशी पेनी आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी कोरी मोटार देणार. मुलाने चौकशी केली. तसं काही नव्हतं. मग त्याने सरकारी खजिन्याकडे विचारणा केली. उत्तर आलं: १९४३ च्या सगळ्या पेन्या पोलादाच्याच आहेत. म्हणजे हातात नाणं आहे, आणि सरकार सांगतं ते नाहीच!

त्याने ते टाकलं नाही, विकलंही नाही. सत्तर वर्षं जवळ ठेवलं.

इथे चुंबकाचं सांगतो, कारण अशी बनावट नाणी पुष्कळ आहेत. पोलादी पेनीला तांब्याचा मुलामा देतात. चुंबक लावा. चिकटलं, तर आत पोलाद. परत सांगतो, चिकटलं तर पोलाद. न चिकटलं तरी हुरळू नका. १९४८ मधला आठ खरवडून तीन करणारेही आहेत, तेव्हा भिंगातून तो तीन नीट पाहा, आणि जाणकाराला दाखवा. दाखवायला नेताना कडेने धरा, आणि हो, घासू नका.

तो मुलगा म्हातारा झाला आणि २०१८ साली गेला. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या पेनीचा लिलाव झाला. बोली गेली २,०४,००० डॉलरवर. ते पैसे त्याच्या इच्छेप्रमाणे पिट्सफील्डच्या सार्वजनिक वाचनालयाला मिळाले.