निसान स्कायलाइन जीटी-आर ‘आर-३४’ : पुनर्विक्रीचा भाव आणि गुंतवणुकीचा हिशेब

जपानमध्ये जुन्या गाड्यांच्या लिलावात गाडीसोबत तपासणीचा एक कागद मिळतो. वरच्या कोपऱ्यात साडेचार, चार किंवा साडेतीन अशी प्रत, म्हणजे गाडीच्या स्थितीचा दर्जा, नोंदवलेली असते. खाली गाडीची रेखाकृती असते आणि तिच्यावर तपासनिसाने ओरखड्यासाठी ‘ए’, पोच्यासाठी ‘यू’, गंजासाठी ‘एस’ अशी अक्षरे लिहिलेली असतात. प्रतीच्या जागी ‘आर’ असेल, तर गाडी अपघातानंतर दुरुस्त झालेली आहे असे समजावे आणि भावही तसाच धरावा. अमेरिकेतला खरेदीदार गाडी डोळ्यांनी पाहण्याआधी बहुतेक वेळा याच कागदाच्या भरवशावर पैसे मोजतो.

असे खरेदीदार ज्या गाड्यांच्या शोधात असतात, त्यांत निसान स्कायलाइन जीटी-आरचे ‘आर-३४’ हे मॉडेल फार वरच्या स्थानी आहे. ही गाडी घेणे म्हणजे चांगली गुंतवणूक, असेही अनेक जण सांगतात. ते १९९९ ते २००२ या काळात तयार झाले. २.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, दोन टर्बो आणि गरजेनुसार चारही चाकांना शक्ती पोहोचवणारी यंत्रणा ही त्याची ओळख. कागदोपत्री शक्ती मात्र २८० अश्वशक्तीच लिहिलेली आहे, कारण त्याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही असा जपानी उत्पादकांचा आपसांत अलिखित करार होता.

या गाडीचा भाव चढण्यामागे तिच्या गुणांइतकाच एका कायद्याचा हात आहे. अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यानुसार, तिथल्या सुरक्षा निकषांप्रमाणे न बनलेली परदेशी गाडी २५ वर्षांची झाल्यावरच सहजपणे आयात करता येते. म्हणून १९८९ च्या आर-३२ ला, म्हणजे याच गाडीच्या आधीच्या मॉडेलला, २०१४ मध्ये वाट मोकळी झाली आणि आर-३४ च्या पहिल्या गाड्यांना जानेवारी २०२४ मध्ये. ही तारीख गुप्त नव्हती. ती ज्याला-त्याला कित्येक वर्षे आधी ठाऊक होती. साहजिकच व्यापाऱ्यांनी जपानमध्ये गाड्या आधीच घेऊन ठेवल्या आणि दार उघडण्यापूर्वीच भाव वर गेला.

आता हिशेब मांडून पाहू. १९९९ मध्ये साध्या आर-३४ जीटी-आरची किंमत ४९ लाख ९८ हजार येन, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४३ हजार डॉलर होती. तीच गाडी जपून ठेवून २०२४ च्या आरंभी दीड लाख डॉलरला विकली गेली असे धरले, तर रक्कम साधारण साडेतीनपट होते आणि वार्षिक चक्रवाढ दर पाच टक्क्यांच्या आसपास येतो. त्याच २५ वर्षांत अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे १२८० वरून ४८४५ वर गेला आणि लाभांश पुन्हा गुंतवला असता, तर परतावा वर्षाला सात टक्क्यांहून अधिक पडला असता. म्हणजे या काळातल्या अत्यंत नावाजलेल्या गाडीलाही अमेरिकी शेअर बाजाराने मागे टाकले.

जपानी मालकाच्या बाजूने मात्र चित्र वेगळे दिसते, आणि ते झाकून ठेवणे योग्य नाही. दरम्यान येन घसरल्यामुळे येनमध्ये मोजल्यास ही गाडी चारपटीहून अधिक वाढली, तर जपानी शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक जेमतेम अडीचपट झाला. तरीही या आकड्यांत सांभाळण्याचा खर्च धरलेला नाही. एवढ्या इंजिनक्षमतेच्या गाडीवर जपानमध्ये वर्षाला ५१ हजार येन कर होता आणि १३ वर्षांनंतर तो आणखी वाढला. २५ वर्षांचा केवळ हा करच १३ लाख येनच्या वर जातो, म्हणजे मूळ किमतीच्या पाव हिश्श्याहून जास्त. शिवाय दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी, विमा, स्वतःची पार्किंगची जागा आणि गंजापासून बचाव हे सगळे वेगळेच. निर्देशांकातल्या शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या निर्देशांक फंडालाही व्यवस्थापन शुल्क असते, पण त्याला गंज चढत नाही.

२०२३ मध्ये चित्रपटात वापरलेली एक आर-३४ लिलावात १३ लाख ५७ हजार डॉलरला गेली, आणि हा आकडा अनेक जण ही गाडी चांगली गुंतवणूक असल्याचा पुरावा म्हणून पुढे करतात. ती किंमत पडद्यावरच्या प्रसिद्धीची होती. त्यावरून दुसऱ्या कोणत्याही गाडीचा भाव काढता येत नाही. आज जो खरेदीदार दीड लाख डॉलर मोजून ही गाडी अमेरिकेत आणतो, त्याच्यासाठी पुढे उघडणारे तसे दुसरे दार उरलेले नाही. त्याने ती चालवण्यासाठी अवश्य घ्यावी, कारण असे यंत्र पुन्हा कोणी बनवणार नाही. परंतु निवृत्तीसाठी राखलेल्या पैशाला हात लावून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतात वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल, तर सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही, त्यामुळे आर-३४ चा हा मार्ग इथे बंदच आहे. तिची वारसदार जीटी-आर, म्हणजे आर-३५, डिसेंबर २०१६ मध्ये भारतात नवी विक्रीला आली, तेव्हा तिची दिल्लीतली शोरूमची किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. अमेरिकेत त्याच वेळी ती सुमारे १ लाख १० हजार डॉलरला, म्हणजे ७५ लाख रुपयांच्या आसपास मिळत होती. या फरकाचा मोठा भाग आयातशुल्क आणि इतर करांचा होता. मुंबई-पुण्यात अशी आयात गाडी नवी घेणाऱ्याने पुनर्विक्रीचा अंदाज बांधताना कराची ती रक्कम सरकारजमा झालेली आहे हे धरून चालावे आणि निर्देशांकाशी तुलना गाडीच्या मूळ किमतीवर न करता खिशातून गेलेल्या पूर्ण रकमेवर करावी.