उजळाईवाडीचे 1,930 मीटर

(दृश्य: पहाट, उसाचे तुरे, आकाशात एक दिवा)

उसाच्या तुऱ्यांवर अजून दव आहे. पूर्वेला तो दिवा दिसतोय ना, तो हळूहळू मोठा होत खाली येतोय. कोल्हापूरला येणाऱ्या बिझनेस जेटचा लँडिंग लाइट आहे तो.

(दृश्य: चाकं टेकतात, संथ गतीत)

आता चाकांवर नजर ठेवा. हा धूर टायरचा. थांबलेलं चाक एका क्षणात ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने फिरायला लागतं, रबर जळतं. धावपट्टीवरचे ते काळे पट्टे अशा शेकडो उतरण्यांचे.

पंखावरच्या फळ्या उभ्या राहिल्या. हे स्पॉयलर. पंखाची उचल मोडायची आणि सगळा भार चाकांवर टाकायचा, म्हणजे ब्रेक धरतो. पाठोपाठ इंजिनाची मागची झापडं उघडतात आणि झोत पुढच्या बाजूला फेकला जातो. कुंपणाबाहेर उभं राहिलं तरी छातीत हादरा बसतो.

(दृश्य: धावपट्टी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे)

कोल्हापूर संस्थानात रेल्वे आली 1891 मध्ये. उजळाईवाडीचा हा विमानतळ झाला 1939 मध्ये, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात. पुढे कित्येक वर्षं इथली धावपट्टी होती 1,370 मीटर. वाढवून ती 1,930 झाली. पुढचं उद्दिष्ट 2,300 मीटरचं. या आकड्यांमागचं गणित समजून घेण्यासारखं आहे.

गल्फस्ट्रीम जी-550 हे मोठं बिझनेस जेट घ्या. कमाल वजन 41 टनांच्या वर, पल्ला साधारण 12,500 किलोमीटर. पूर्ण भरून उडायला त्याला सुमारे 1,800 मीटर लागतात. मग आपल्या 1,930 मध्ये बसलं की! पण तो आकडा समुद्रसपाटीचा आणि 15 अंश तापमानाचा. उजळाईवाडी सुमारे 2,000 फूट उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 38 वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी आपण 5,000 फुटांवर असतो. पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी. धाव लांबते.

उपाय एकच, वजन उतरवायचं. या विमानाच्या टाकीत 18 टनांहून जास्त इंधन मावतं. कोल्हापूरहून निघताना वैमानिक मुंबईपुरतं आणि वर राखीव, एवढंच घेतो. पुढचा लांबचा प्रवास असेल तर टाकी तिथे भरायची. छोट्या धावपट्टीवर मोठं जेट दिसतं, त्याचं गुपित बहुतेक वेळा हेच असतं.

(दृश्य: उतरणारं विमान, समोरून)

उतरण्याचा हिशेब याहून कडक. भाड्याने चालणाऱ्या जेटला साधारण नियम असा, की उपलब्ध धावपट्टीच्या 60 टक्क्यांतच थांबता आलं पाहिजे. 1,930 चे 60 टक्के म्हणजे 1,158 मीटर. जुन्या 1,370 चे होतात 822. आणि जी-550 ला, कमाल उतरण्याच्या वजनाने, धावपट्टीच्या तोंडाशी 50 फुटांवरून थांबेपर्यंत लागतात साधारण 840. अठरा-वीस मीटरला अडलं होतं बघा! धावपट्टी वाढवा म्हणून कोल्हापूरकर इतकी वर्षं का मागे लागले होते, ते या एका वजाबाकीत कळतं.

ते 50 फूटही नेमके हवेत. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर दहा फूट उंच आलात, तर चाकं 58 मीटर पुढे टेकतात. गेलेली धावपट्टी परत मिळत नाही.

(दृश्य: जुलै, पाऊस, धावपट्टीवर साचलेलं पाणी)

हा आपला पाऊस. टायर आणि धावपट्टी यांच्यात पाण्याचा थर शिरला की चाक तरंगतं, ब्रेक नुसता दाबला जातो. म्हणून ओल्या धावपट्टीसाठी लागणारी लांबी आणखी 15 टक्के जास्त धरायची. 1,158 चे उरतात जेमतेम 1,007. 14 सप्टेंबर 2023 ला मुंबईत मुसळधार पावसात लिअरजेट हे एक छोटं बिझनेस जेट उतरताना घसरून धावपट्टीबाहेर गेलं आणि मोडलं. आतले आठही जण वाचले. मुंबईची ती धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे.

(दृश्य: टर्मिनलच्या कमानी, मग शिरोली, भट्टीतून ओतला जाणारा लोखंडाचा रस)

10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. या कमानींचे फोटो घराघरांत पोचले. धावपट्टीचा फोटो कुणी काढत नाही, पण विमान उतरतं ते धावपट्टीवर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्र्यांचं कास्टिंग देशभरात आणि परदेशात जातं. ते बघायला येणारा खरेदीदार सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकला पाहिजे. रात्री-अपरात्री मुंबईला हलवायच्या पेशंटलाही हीच धावपट्टी लागते.

(दृश्य: गडमुडशिंगी, कुंपण, पलीकडे शेत)

विस्तारासाठी गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांची जमीन गेली.

(दृश्य: धावपट्टीचं टोक, विंडसॉक, उड्डाणासाठी उभं जेट)

सकाळचे नऊ. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पश्चिमेच्या वाऱ्याने फुगलाय. जेट पार पूर्वेच्या टोकाला जाऊन वळलं. एक मीटरही मागे वाया जाऊ द्यायचा नाही. ब्रेक दाबून धरलेत, इंजिनाचा आवाज चढतोय, मागचं गवत जमिनीला टेकलंय. अजून ब्रेक सोडलेला नाही.

आता सोडला.