पाण्यात उभी गाडी आणि "फुल इन्शुरन्स"

जुलैचा पाऊस आणि त्यात भरतीची वेळ. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून तर हे शहर वसवणाऱ्या सिडकोने इथे होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचे तलाव, बांधले, पण पाऊस नि भरती एकदम आली की पाण्याला जायला जागाच उरत नाही आणि सोसायटीतल्या गाड्या अशा दिसतात, चाकं बुडालेली, पाणी दारापर्यंत. ह्यातल्या कुणालाही विचारा इन्शुरन्स आहे का, हो म्हणतील. कुठला आहे विचारलं की एजंटला फोन लागतो आणि एजंट म्हणतो, फुल आहे, टेन्शन घेऊ नका.

तर आधी थर्ड पार्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो एवढाच, नसेल तर पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा तुमच्या गाडीसाठी नाहीच मुळात. घोडबंदर रोडवर तुमच्या गाडीची कुणाला धडक बसली तर त्या माणसासाठी आहे. तो जखमी झाला किंवा गेला तर भरपाई न्यायाधिकरण ठरवतं, तिला वरची मर्यादा नाही, त्याच्या गाडीचं किंवा भिंतीचं नुकसान मात्र ७.५ लाखांपर्यंतच. लोक "फक्त थर्ड पार्टी" म्हणून हिणवतात ते मला पटत नाही, कारण ज्या घरातला कमावता माणूस रस्त्यावर गेला त्यांना आधार ह्याच कागदाचा असतो.

मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा अपघात कव्हर वेगळा. मुलगा चालवत असेल तर तो ह्यात येत नाही.

पण पाण्यातल्या ह्या गाडीला थर्ड पार्टीतून एक रुपया मिळणार नाही. त्यासाठी ओडी लागतो, म्हणजे ओन डॅमेज, ज्यात पूर, आग, चोरी, दरड, दंगल सगळं येतं. आणि इथे एक घोळ होतो बघा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो, ओडी मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो, त्यामुळे कागदावर ३ वर्षांनंतरची तारीख बघून माणूस निवांत राहतो आणि ओडी कधीच संपलेला असतो. दोन्ही तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, दोन्ही बघा.

ओडी चालू असला तरी पूर्ण बिल मिळतंच असं नाही. प्लास्टिकचा बंपर, रबर, टायर, बॅटरी ह्यावर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर काहीच नाही. झिरो डेप हा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, घेतलात तर ही कपात बरीचशी वाचते, टायर-बॅटरीची मात्र बहुतेक वेळा नाही. आणि गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर हिशोब आयडीव्हीवर होतो, म्हणून प्रीमियम थोडा कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली आणू नका, प्लीज.

आता इंजिन. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना तुम्ही स्टार्टर मारलात की पिस्टन वर येताना पाण्यावर अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, पूर आला हे मान्य, पण इंजिन फुटलं ते तुम्ही चालू केल्यामुळे, हे साध्या ओडीत बसत नाही. सीट, वायरिंग, कार्पेटचं मिळेल, इंजिनचं नाही, आणि सगळ्यात मोठं बिल तेच असतं. ह्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचा रायडर वेगळा घ्यावा लागतो, तो पॉलिसी घेताना किंवा रिन्यू करतानाच मिळतो, पाणी भरल्यावर नाही, आणि गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या देतही नाहीत. खाडीकाठी नाहीतर बेसमेंटला गाडी लावणाऱ्याने बाकी रायडर सोडले तरी चालेल, हा सोडू नये.

आणि रायडर असो नसो, पाण्यात उभ्या गाडीला चावी लावू नका. पुश बटण पण नाही. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टो करून गॅरेजला न्या, आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत मेकॅनिकला काही खोलू देऊ नका.