शीग लावलेला कोळसा

नमस्कार मंडळी. "उत्साह शिगेला पोचला" असं आपण येताजाता म्हणतो, पण ही शीग म्हणजे काय माहितीये का? पायली धान्याने काठोकाठ भरली की काठाच्याही वर जो टोकदार ढीग उभा राहतो ना, ती शीग. इंग्लंडात अशीच शीग कोळशाला लागायची, आणि त्या मापाचं नाव होतं चॉल्ड्रन.

चॉल्ड्रन म्हणजे मुळात कॉल्ड्रनच हो, मोठं भांडं, आपली गुळाची काहील समजा. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, त्याच्या मागे लॅटिनमधला कॅलिडस, म्हणजे गरम. आपण घास मोजत खातो त्या कॅलरीज याच भावकीतल्या, आणि शोफरसुद्धा, कारण शोफर आधी भट्टीत कोळसा टाकायचा, गाडी चालवायला नंतर लागला.

आता लबाडी ऐका. लंडनचा चॉल्ड्रन 36 बुशेलचा (बुशेल म्हणजे आपल्या पायलीसारखं भरून मोजायचं माप), शीग लावून. आणि न्यूकॅसलचा, जिथून जहाजं भरून कोळसा निघायचा, तो 53 हंड्रेडवेटचा, म्हणजे साधारण 2,700 किलो, लंडनवाल्याच्या जवळपास दुप्पट! का, तर कर चॉल्ड्रनमागे होता, मग काय, खाणवाल्यांनी चॉल्ड्रनच फुगवत नेला, 17व्या शतकाच्या अखेरीला सरकारने 53 वर खुंटी मारली तेव्हा कुठे थांबला. तिकडे 1666 च्या आगीनंतर लंडनचं सेंट पॉल्स चर्च नव्याने बांधलं ना, त्याचा पैसाही बराचसा याच कोळशाच्या करातून आला.

पण खरी गंमत ढेकळांची. न्यूकॅसलचाच गणिती चार्ल्स हटन, पोरवयात स्वतः खाणीत राबलेला माणूस, त्याचा हिशोब असा की कोळशाचा एक घनयार्डाचा अखंड दगड जवळपास 5 बोल भरतो (बोल हे तिथलंच एक माप), तोच बेताचा फोडला की साडेसात, आणि पार बारीक केला की 9. कोळसा तेवढाच बरं का, फक्त मधल्या फटी वाढल्या! मग व्यापारी हातोडा का नाही उचलणार, सांगा.

1835 च्या कायद्याने शीग बंद झाली आणि कोळसा वजनावर विकायचा ठरला. पण नाव काही लगेच गेलं नाही, रुळांवरून कोळसा नेणाऱ्या लाकडी डब्यांना तिकडे पुढेही कितीतरी वर्षं चॉल्ड्रनच म्हणत होते.