चेस्टर आर्थर: वशिल्यात वाढलेला सुधारक

न्यूयॉर्क. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू, घर क्रमांक 123. आज इथे मसाल्यांचं दुकान आहे. हळद, धणे, सगळं मिळतं. 20 सप्टेंबर 1881 रोजी, उत्तररात्री दोनच्या सुमारास, याच घरात चेस्टर आर्थर यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. अनेकांनी कपाळाला हात लावला.

सुरुवात तशी चांगली होती. एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेला ट्राममधून जबरदस्तीने उतरवलं, तेव्हा 1855 मध्ये तिचा खटला जिंकून देणारे तरुण वकील म्हणजे आर्थर. पुढे ते रिपब्लिकन पक्षातल्या सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांच्या गटात शिरले आणि 1871 मध्ये न्यूयॉर्क बंदराच्या जकातीचे प्रमुख झाले. म्हणजे कुरणच! नोकरी पक्षाच्या चिठ्ठीवर मिळायची, आणि निवडणूक आली की त्याच पगारातून पक्षासाठी वर्गणी वसूल व्हायची. दंडाच्या रकमेतही अधिकाऱ्यांचा वाटा असे. शेवटी 1878 मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी आर्थर यांना घरी बसवलं.

दोनच वर्षांनी, रुसलेल्या गटाची समजूत काढायला पक्षाने त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. राष्ट्राध्यक्ष झाले जेम्स गारफील्ड. सरकारी पद मिळालं नाही म्हणून बिथरलेल्या चार्ल्स गिटो याने जुलै 1881 मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि वर ‘आता आर्थर राष्ट्राध्यक्ष होणार’ असंही म्हणाला. संशयाची सुई कुठे वळली असेल, सांगायला नको.

गारफील्ड मृत्यूशी झुंजत असताना आर्थर यांना एक पत्र आलं. ज्युलिया सँड नावाच्या, आजाराने घरात अडकलेल्या अनोळखी बाईने बजावलं होतं: लोकांचा तुमच्यावर विश्वास नाही, आता तरी सुधारा. तिने एकूण 23 पत्रं लिहिली. ऑगस्ट 1882 मध्ये राष्ट्राध्यक्ष न कळवता तिच्या घरी जाऊन आले.

16 जानेवारी 1883 रोजी त्यांनी पेंडलटन कायद्यावर सही केली. ठरावीक सरकारी नोकऱ्यांसाठी परीक्षा आली, सक्तीची वर्गणी बंद झाली. श्रेय एकट्या पत्रांना देणं भाबडेपणाचं ठरेल. गारफील्ड यांच्या हत्येने आणि 1882 च्या निवडणुकीतल्या पराभवाने पक्षच हादरला होता. शिवाय चिनी मजुरांना दहा वर्षं देशबंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली तीही आर्थर यांनीच.

नवा कायदा सुरुवातीला जेमतेम दहा टक्के नोकऱ्यांना लागू होता. पुढचं काम स्वार्थानेच केलं. मावळते राष्ट्राध्यक्ष, आपण नेमलेली माणसं टिकावीत म्हणून, जाता जाता आणखी पदं या कायद्याखाली आणत गेले.