पत्रास कारण की…

(पडद्यावर: जुन्या टपालाचा गठ्ठा. एकेक पाकीट सुरीनं उघडलं जातंय.)

वाढदिवस कुणाचा, आणि भेट कुणी कुणाला द्यायची? प्रश्न खरं तर एवढाच होता.

इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतले हॉबिट म्हणजे बुटके, पावलांवर केस असलेले, खाण्यापिण्यात जीव असलेले लोक. वाढदिवस आला की ते स्वतःच इतरांना भेटी वाटतात. आपल्याकडे वाढदिवसाचं पोर नवे कपडे घालून वर्गात चॉकलेटं वाटत फिरतं ना, तसंच काहीसं. एका वाचकाला इथं खडा लागला. गॉलम तर मूळचा यांच्याच भाऊबंदांतला. मग तो ती घातकी अंगठी ‘माझ्या वाढदिवसाची भेट’ म्हणून उराशी का धरून बसतो? वाढदिवस त्याचा, तर द्यायचं त्यानं. हा मागतो कसा?

चूक पकडली, असं त्या वाचकाला वाटलं असणार. टोल्कीन यांनी १९५८-५९च्या सुमारास त्याला उत्तराचा मसुदा लिहायला घेतला, आणि तो मसुदा वाढत वाढत हॉबिटांच्या रीतिरिवाजांवरचा निबंधच होऊन बसला. वाढदिवसाला नातलगांनी भेट देणं हा जुना रिवाज. हा आपल्या कुळातला, हे मान्य केल्याची ती खूण. म्हणजे बारशाच्या आहेरासारखंच म्हणा. वाटायची रीत निराळी, तिचे नियम निराळे. कुटुंबप्रमुखाचा मान काय, कुणाकडून घ्यायचं, कुणाकडून नाही, सगळं आलं त्यात. आणि ज्याच्याकडून गॉलमनं अंगठी हिसकावली, तो डीगल नात्यातलाच असला पाहिजे. कारण गळा आवळला जाण्याआधी तो म्हणतो की, तुला भेट देऊन झालीये माझी, तीही ऐपतीबाहेरची. कादंबरीत हे वाक्य आधीपासून होतंच!

याच मसुद्यात ते म्हणतात की, तिसऱ्या युगाच्या, म्हणजे ही कथा घडते त्या काळाच्या, बाबतीत मी फक्त नोंदी ठेवणारा. माझ्या नोंदीत काही राहून गेलं असेल, माहिती अपुरी असेल. पण खोटं काही नसावं.

आता हे तिसरं युग यांनीच रचलेलं. माणसं यांची, नद्या यांच्या, भाषासुद्धा यांच्याच. तरी बोलणं एखाद्या दप्तरखान्यातल्या कारकुनाचं. ही नुसती गंमत होती का? मला नाही वाटत.

(पडद्यावर: ऑक्सफर्डची दगडी इमारत, संध्याकाळ. वर चंद्राची कोर.)

१९२५पासून १९५९पर्यंत हा माणूस ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होता. विषय जुनी इंग्रजी, म्हणजे फाटक्या पोथ्या आणि गाळलेल्या ओळी. एखाद्या शब्दाचा अर्थ लागत नसेल तर तो मनानं ठोकून द्यायचा नाही, पुरावा शोधायचा, ही शिस्त अंगात मुरलेली. हीच शिस्त त्यांनी स्वतःच्या कल्पनेला लावली.

मे १९४४. युद्ध चालू आहे. मुलगा क्रिस्टोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत. त्याला पत्रात टोल्कीन वैतागून कळवतात की, माझ्या गोष्टीतले चंद्र भलतंच काहीतरी करतायत! एकीकडे उगवतोय, आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळतोय. पात्रं वेगवेगळ्या वाटांनी गेली होती आणि त्यांच्या तिथ्या जुळत नव्हत्या. मागची प्रकरणं दुरुस्त करण्यात सगळी दुपार गेली. तोवर एकाही वाचकानं काही विचारलेलं नव्हतं. पुस्तक छापूनच यायला आणखी दहा वर्षं होती. पंचांग काढून गोष्ट लिहिणारा लेखक, दुसरं काय म्हणणार?

पुढं कादंबरीचे तीन खंड आले १९५४ आणि १९५५मध्ये. तिसरा रखडला, कारण शेवटची परिशिष्टं आवरेनात. वंशावळी, कालगणना, लिप्या. आणि ती छापल्यावर प्रश्न थांबले का? वाढले. १९५६मध्ये एका पत्रात त्यांनी मागण्यांची यादीच दिली आहे. कुणाला नकाशे हवेत, कुणाला कथेतल्या एल्फ नावाच्या लोकांच्या भाषेचं व्याकरण. संगीतवाल्यांना चाली हव्यात, पुरातत्त्ववाल्यांना मडकी आणि धातुकाम. वनस्पतीवाल्यांना त्या सोनेरी पानांच्या झाडाचं नीट वर्णन हवं. एकाला पुरवावं तर दुसरा हात पुढं करून उभाच.

कधी मात्र उत्तरच कथेचा भाग झालं. १९३७च्या ‘हॉबिट’ या आधीच्या पुस्तकात गॉलम बिल्बो नावाच्या हॉबिटाशी कोड्यांच्या खेळात हरतो आणि अंगठी बक्षीस म्हणून द्यायला राजी असतो. पुढच्या मोठ्या कथेत हे बसेना. अशी अंगठी कोणी हसत देईल? टोल्कीन यांनी ते प्रकरण नव्यानं लिहून नमुन्यादाखल प्रकाशकांकडे पाठवलं, आणि त्यांनी ते सरळ नव्या आवृत्तीत घेतलं. १९५१मध्ये ती बाहेर आली. मग जुन्या प्रतींचं काय? टोल्कीन यांचा खुलासा असा की, जुनी हकिगत बिल्बोनं स्वतः लिहून ठेवली होती, आणि तो खोटं बोलला होता! अंगठीनं त्याच्यावर पहिल्या दिवसापासून अंमल बसवला होता, त्याचा हा पुरावा. जमवणं म्हणतात ते हे.

(पडद्यावर: हस्तलिखिताचं पान. वरच्या कोपऱ्यात दोन शब्द.)

पण मला सगळ्यात आवडतं ते न पाठवलेलं पत्र.

१९५४. ऑक्सफर्डमधल्या एका पुस्तकाच्या दुकानाचे व्यवस्थापक टोल्कीन यांना विचारतात की, तुमचे एल्फ मरून पुन्हा जन्माला येतात. देवानं ही युक्ती वापरल्याचं आपल्याला कुठं माहीत नाही. तुम्ही हद्द ओलांडली नाहीत का? आपल्याकडे पुनर्जन्म म्हटल्यावर कुणाची भुवईही हलणार नाही, पण विचारणारे कॅथलिक आणि उत्तर देणारेही श्रद्धाळू कॅथलिक. प्रश्न वर्मी लागला. टोल्कीन पानंच्या पानं लिहीत गेले. देवानं आजवर वापरलेल्या वाटांनीच कल्पनेनं चालायचं, असं कुठं आहे? मग विषय निघाला एल्फ आणि माणसांच्या शरीररचनेचा, मग राक्षसांना बोलता का यावं याचा. आणि एका जागी थांबले. मसुद्यावर शेरा मारला, ‘पाठवलं नाही’. स्वतःला जरा जास्तच महत्त्व दिल्यासारखं वाटलं म्हणून.

सगळीच पत्रं अशी जड नव्हती. कथेतल्या सॅम गॅमजीच्या नावाचा खराखुरा माणूस लंडनमध्ये निघाला. त्यानं पत्र टाकलं, टोल्कीन यांनी त्याला सह्या करून तिन्ही खंड धाडले. उद्या गॉलमच्या सहीचं पत्र येतं की काय, ही धास्ती मात्र काही दिवस राहिली म्हणे. पुढं अमेरिकेतून रात्री-अपरात्री फोन यायला लागले, तेव्हा गंमत संपली. १९६८मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड सोडलं आणि समुद्रकाठी राहायला गेले.

एक प्रश्न त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. झाडांसारखे दिसणारे एंट, त्यांच्या हरवलेल्या बायका कुठं गेल्या? १९५४मध्ये उत्तर होतं की, मला वाटतं, कथेतल्याच एका जुन्या युद्धात त्या आपल्या बागांसकट संपल्या. १९७२मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी पुन्हा कुणी विचारलं. तेव्हाचं उत्तर चार शब्दांत मावतं. मला ते माहीत नाही.

(पडद्यावर: घडीच्या खुणा असलेला नकाशा. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

टोल्कीन यांच्या कल्पित जगाचा हा नकाशा २०१५मध्ये ऑक्सफर्डमधल्या ब्लॅकवेल्स या पुस्तकांच्या दुकानात उजेडात आला. आता तो तिथल्याच बॉडलियन ग्रंथालयात आहे. चित्रकार पॉलिन बेन्स या जगाचा भिंतीवर लावायचा सचित्र नकाशा करत होत्या, त्यांच्यासाठी टोल्कीन यांनी त्यावर हिरव्या शाईनं आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. हॉबिटांचं गाव हॉबिटन ऑक्सफर्डच्या अक्षांशावर. कथेतलं मिनास तिरिथ हे शहर इटलीतल्या रावेन्नाच्या. खाली दक्षिणेला नुसते रिकामे चौकोन. तिथं काय काढायचं, तेही लिहून ठेवलंय. हत्ती चालतील. आणि उंटही.