सोनेगावची मध्यरात्र

(झीरो माइल, सकाळ)
हे चार घोडे, हा वालुकाश्माचा खांब: नागपूरचा झीरो माइल, जिथून अंतरं मोजली जायची. पण कॅमेरा जरा शेजारच्या दगडाकडे वळवू. हैदराबाद, जबलपूर, शिवनी, बैतूल... मैलांत कोरलेली अंतरं. यात दिल्ली नाही, मुंबई नाही, कलकत्ता नाही, मद्रास नाही. नागपूरच्या मध्यावर असण्याचा खरा उपयोग ज्या चार शहरांना झाला, त्यांची नावंच इथं नाहीत. तो उपयोग झाला रात्रीच्या विमान-डाकेतून, वर्धा रोडवरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर.

(विमानतळ, रात्र)
हे दिवे आजचे. पण ३० जानेवारी १९४९ पासून इथं रात्री चार दिशांनी डकोटा विमानं उतरू लागली. रफी अहमद किदवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. चारही शहरांतून संध्याकाळपर्यंतची डाक घेऊन विमान निघायचं. मध्यरात्रीनंतर सोनेगावला थैल्यांची अदलाबदल व्हायची. मग ज्याचं विमान त्याच्या गावाला परत, उजाडायच्या सुमारास.

(नकाशा)
आता हा नकाशा नीट बघा, सगळी करामत इथं आहे. नागपूरहून मुंबई हवाईमार्गे सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८०. डकोटाचा वेग ताशी २७० च्या आसपास. म्हणजे मुंबईचं विमान अडीच तासांत पोचणार, कलकत्त्याला साडेतीन तास हवेत. सगळ्यांना एका वेळी गाठायचं तर कलकत्त्याच्या वैमानिकानं आधी निघायचं, मुंबईकरानं निवांत जेवून.

मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत सरळ रेघ ओढा. सुमारे १,६६० किलोमीटर. नागपूरमार्गे? तेवढेच. दिल्ली ते मद्रासही तसंच, नागपूर जवळपास रेघेवरच बसतं. वळसा पडायचा तो बाकीच्या जोड्यांना, दिल्ली-मुंबईच्या पत्राला चारशेएक किलोमीटरचा. पण चार शहरांच्या सहा जोड्या. प्रत्येक जोडीला जाऊन-येऊन थेट विमान द्यायचं तर रात्रीला बारा उड्डाणं. इथं आठांत भागायचं. हा हिशोब दिल्लीत झाला असेल, पण तो जमला नागपूरच्या जागेमुळं, हे आम्ही नागपूरकर जरा मोठ्यानंच सांगणार.

(जुनी पाकिटं, जवळून)
एप्रिल १९४९ पासून तर साध्या पत्रालाही जादा तिकीट लागेना. आंतरशहरी पत्र विमानानं जायचं, लिहिणाऱ्याला पत्ताही नसायचा. डाकेसोबत काही प्रवासीही असत. तेही थैल्यांसारखेच इथं विमान बदलायचे, फक्त झोपेतून उठून.

विमानं चालवणाऱ्या कंपन्या बदलत गेल्या. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर हे काम इंडियन एअरलाइन्सकडे आलं. त्याच वर्षी डिसेंबरात सोनेगावहून उडताच एक डकोटा कोसळलं, १३ जण गेले.

(धावपट्टी, विमान उतरताना)
पुढं डकोटाच्या जागी मोठी विमानं आली. मग जेट आली, थेट उड्डाणं वाढली आणि सत्तरच्या दशकात रात्रीच्या या भेटी थांबल्या. २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. आज इथून मुंबईला साधारण दीड तास लागतो, त्यातही बराच वेळ चढण्या-उतरण्याचा आणि धावपट्टीवर रांगेत थांबण्याचा. दिल्ली-मुंबईच्या पत्राचा तो चारशे किलोमीटरचा वळसा मात्र सुटला.